गरम कुंडांची सहल: इंदापुरातून कुठे?

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात. इंदापूर-बारामतीजवळ गरम पाण्याची कुंडे आहेत का? – एक वाचक, इंदापूर

उत्तर : आपल्या भागात नाहीत. त्यासाठी घाट उतरावा लागेल. महाराष्ट्रातले बहुतेक उन्हाळे (गरम पाण्याचे झरे) कोकणपट्टीत आहेत : खोल भेगांत मुरलेले पावसाचे पाणी तिथे तापून वर येते. ज्वालामुखीचा संबंध नाही.

माझी पसंती वज्रेश्वरीला. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडायला बांधलेले देऊळ, खाली तानसा नदी, जवळच अकलोली आणि गणेशपुरीची कुंडे. पावसाळ्यात जाऊ नका, नदीकाठची कुंडे पुराखाली जातात. कुंडांचे तापमान सारखे नसते, म्हणून आधी पाय बुडवून पाहा. उबेने सांधे मोकळे वाटतील, पण संधिवात बरा होईल ही आशा नको. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच उतरा.

एवढा प्रवास आईंना झेपणार नसेल, तर हिवाळ्यात पहाटे भिगवणला न्या. कुंभारगावहून होडीतून उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात. गुडघ्यांना त्रास नाही, फक्त होडीत चढता-उतरताना हात द्या. आणि उन्हाळ्यात धरणाचे पाणी खाली गेले की पळसदेवचे बुडालेले देऊळ उघडे पडते, तेही बघा.