इंद्रियार्थसन्निकर्ष आणि शैशवातील पहिले महिने

आत्मा, मन, इंद्रिय व अर्थ यांच्या सन्निकर्षातून प्रत्यक्ष ज्ञान होते, हे चरकसंहितेतील (सूत्रस्थान, अध्याय ११) प्रतिपादन आपण सर्व जाणतो. हा सन्निकर्ष शैशवात वेळेवर घडला नाही, तर पुढे इंद्रिय निर्दोष करूनही ज्ञान अपुरे राहते. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

१९६० च्या दशकात ह्यूबेल व वीझेल यांनी मांजरीच्या पिलांचा एक डोळा शिवून काही काळ बंद ठेवला. तो उघडल्यावर डोळा निरोगी आढळला. परंतु मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील बहुतेक पेशी त्याला प्रतिसाद देत नव्हत्या. प्रौढ मांजरांत मात्र असा परिणाम दिसला नाही. या संशोधकांना १९८१ चे नोबेल पारितोषिक लाभले.

श्रवणाचेही तसेच आहे. वर्कर व टीझ यांनी १९८४ मध्ये दाखविले की, इंग्रजीभाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांची बालके हिंदीतील दंत्य ‘त’ व मूर्धन्य ‘ट’ यांतील भेद ओळखतात. वर्षाच्या सुमारास मात्र बहुतेकांची ही क्षमता मंदावते. आपल्या बालकांत ती टिकते, कारण हे वर्ण त्यांच्या कानी नित्य पडतात.

आता व्यवहाराकडे वळू. काही वर्षांपूर्वी पाच महिन्यांच्या एका बालिकेची आई मला म्हणाली, “डॉक्टर, ही माझ्याकडे बघतच नाही.” मी धीर दिला व बाळगुटी सुरू ठेवण्यास सांगितले. पुढे एका डोळ्यात जन्मजात मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया उत्तम झाली, तथापि त्या डोळ्याची दृष्टी अधूच राहिली. एका डोळ्यातील दाट मोतीबिंदूची शस्त्रक्रिया साधारण सहा आठवड्यांच्या आत व्हावी लागते. ती वेळ बालिका माझ्याकडे येण्यापूर्वीच टळली होती. तरीही त्या दिवशी बॅटरीच्या उजेडात बाहुली न पाहणे ही माझी चूकच होय.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. सहा आठवड्यांची मर्यादा लक्षात घेता तेवढ्यावर विसंबता येत नाही. शिवाय वाळवा, कराड भागांत ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबांची तान्ही बाळे हंगामात कोपीवर असतात व अशा तपासणीतून सहज सुटतात. अशी बाळे सर्दी-खोकल्यासाठी प्रथम आपल्याच दवाखान्यात येतात.

म्हणून प्रत्येक तान्ह्या बाळाबाबत पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) बाहुली पांढरी दिसते काय? दिसल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. यामागे दृष्टिपटलाचा कर्करोगही असू शकतो.
२) दोन महिन्यांचे बाळ आईच्या नजरेला नजर देते काय? तीन महिन्यांचे बाळ हलत्या वस्तूमागे दृष्टी फिरविते काय? चार महिन्यांनंतर तिरळेपणा आहे काय?
३) मोठ्या आवाजाला बाळ दचकते काय? शंका आल्यास श्रवणचाचणी करून घ्यावी. बहिरेपणाचे निदान तीन महिन्यांपर्यंत व उपाययोजना सहा महिन्यांपर्यंत सुरू होणे इष्ट होय.

औषधी दुकानदार बंधूंनी बाळासाठी सुरमा देऊ नये. अनेक सुरम्यांत शिसे असते व ते मेंदूच्या वाढीस घातक ठरते. सुवर्णप्राशनासाठी येणाऱ्या प्रत्येक मातेला वरील प्रश्न अवश्य विचारावेत.

शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात बालकाची खेळणी रंगीबेरंगी, नाद करणारी, हलकी व भय न उपजविणारी असावीत, असे सांगितले आहे. इंद्रियांना योग्य वयात योग्य अर्थ मिळावा, ही त्यामागील दृष्टी आपण तपासणीच्या मेजावरही जपावी, ही नम्र विनंती.