दोन गटांतील समेट : सूरह अल-हुजुरात, आयत ९

ईमानधारकांचे दोन गट आपसांत लढले तर त्यांच्यात समेट घडवावा. त्यांपैकी एकाने दुसऱ्यावर अतिक्रमण केले तर तो अल्लाहच्या आदेशाकडे परत येईपर्यंत त्याच्याशी लढावे. आणि तो परतला तर दोघांमध्ये न्यायाने समेट करावा, असा या आयतीचा आशय आहे. हजरत अनस (रजि.) यांच्या कथनात हिचा संबंध मदीनेतील एका भांडणाशी जोडलेला आहे. त्या भांडणात खजुरीच्या फांद्या, हात आणि पायताणे चालली. इतक्या लहान प्रसंगाच्या निमित्ताने दिलेला हा नियम राष्ट्रांनाही लागू पडतो.

वाचकहो, हा आदेश कोणाला आहे ते प्रथम पाहा. ‘असलिहू’, म्हणजे समेट घडवा, हे लढणाऱ्यांना सांगितलेले नाही. काठावर उभे राहून पाहणाऱ्यांना सांगितले आहे. पुढे, लढाईसाठी अनेकवचन येते, ‘इक्ततलू’. समेटासाठी मात्र द्विवचन, ‘बैनहुमा’. मराठीत द्विवचन नसल्याने भाषांतरात हा भेद बुजून जातो. लढताना सारा एकमेकांत मिसळलेला जमाव असतो, समेटाला बसताना पुन्हा दोन पक्ष होतात, असे भाष्यकार याचे कारण देतात.

समेटाचा आदेश दोनदा आला आहे आणि ‘न्यायाने’ हा शब्द केवळ दुसऱ्या वेळी. अतिक्रमण करणारा नमल्यावर त्याला चिरडण्याचा मोह होतो. न्यायाची आठवण तेव्हाच करून द्यावी लागते.

इराण आणि इराक या दोन शेजारी मुस्लिम राष्ट्रांच्या युद्धात हे सारे दिसते. शत्त-अल-अरब नदीतील सीमा १९७५ च्या अल्जियर्स कराराने ठरली होती. सद्दाम हुसेन यांनी तो करार मोडीत काढला आणि २२ सप्टेंबर १९८० रोजी इराकी सैन्य इराणवर चालून गेले. सहाच दिवसांनी सुरक्षा परिषदेने ठराव केला. त्यात ना आक्रमकाचे नाव होते, ना सैन्य मागे घेण्याची मागणी. इस्लामी राष्ट्रांच्या परिषदेने गिनीचे अध्यक्ष सेकू तुरे यांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ पाठवले, पण सौदी अरेबिया आणि कुवेत यांचा पैसा इराकला मिळत राहिला. मध्यस्थाच्या घरचीच तागडी झुकलेली असेल तर त्याचा शब्द कोण मानणार? अल्जीरियाने मात्र नेटाने प्रयत्न केले. तिचे परराष्ट्रमंत्री मुहम्मद बेनयाहिया याच कामासाठी जात असताना, मे १९८२ मध्ये, इराण-तुर्कस्तान सीमेजवळ त्यांचे विमान पाडले गेले आणि ते सहकाऱ्यांसह मृत्यू पावले.

त्याच महिन्यात इराणने खोर्रमशहर परत घेतले, आणि जूनमध्ये इराकने माघार जाहीर केली. आयतीतला ‘परतला तर’ हा क्षण तो हाच होता. नुकसानभरपाई आणि आक्रमकाचे नाव घेणे, या इराणच्या मागण्या मला रास्त वाटतात. न्यायात त्या बसतात. सद्दाम यांना पदच्युत करण्याची अट घालून बसऱ्याकडे सैन्य नेणे मात्र त्यात बसत नाही. ही चढाई जुलै १९८२ मध्ये, रमजानच्या पवित्र महिन्यात झाली, आणि तिला नावही रमजानचेच दिले गेले. युद्ध आणखी सहा वर्षे चालले. सुरक्षा परिषदेचा ५९८ क्रमांकाचा ठराव २० जुलै १९८७ चा. इराणने तो वर्षभराने स्वीकारला, आणि आयतुल्लाह खुमैनी यांनी त्या स्वीकाराची तुलना विष पिण्याशी केली. शस्त्रसंधी २० ऑगस्ट १९८८ रोजी झाली. तोवर दोन्हीकडची लाखो माणसे मेली होती.

सीमा तसूभरही सरकली नाही. ऑगस्ट १९९० मध्ये, कुवेत गिळल्यानंतर, सद्दाम यांनी १९७५ चाच करार पुन्हा मान्य केला. आक्रमण इराकने केले होते, हे संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी डिसेंबर १९९१ मध्ये आपल्या अहवालात लिहिले. युद्ध सुरू झाल्याला तेव्हा अकरा वर्षे होऊन गेली होती.