घरचे सोयाबीन पेरताय? आधी शंभर दाणे मोजा

रोहिणी लागल्या की बियाण्यासाठी पळापळ सुरू होते. दुकानापुढे रांगा लागतात, अमुकच वाण पाहिजे म्हणून हट्ट होतो, आणि ऑक्टोबरपासून घरात पडून असलेली चार पोती मात्र मृगाचा पाऊस पडेपर्यंत कुणी सोडूनही पाहत नाही. खरे तर आधी बघायची ती हीच पोती. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे आणि आपल्याकडचे सगळे वाण सरळ वाण आहेत. मका किंवा कपाशीच्या संकरित बियाण्यासारखे ते दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही. एकदा प्रमाणित बियाणे आणले की त्याच्यापासून आलेले पुढची दोन वर्षे बिनदिक्कत पेरता येते. अट एकच, ते उगवले पाहिजे. सोयाबीनची खरी गोम तिथेच आहे.

२०२० चा खरीप अनेकांना आठवत असेल. मराठवाड्यात आणि विदर्भात पेरलेले सोयाबीन उगवलेच नाही, म्हणून तक्रारींचा ढीग पडला, दुबार पेरण्या झाल्या. त्याच्या आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीच्या आणि अवकाळी पावसाने काढणीला आलेले सोयाबीन भिजवून टाकले होते. बियाणे जूनमध्ये नापास झाले, पण बिघडले होते आठ महिने आधी, शेंगेत असतानाच.

हे असे का होते ते समजायला दाणा आतून पाहावा लागतो. रात्री दहा-बारा दाणे वाटीत भिजत घाला. सकाळी एकाची साल बोटाने सरकवा. ती कागदासारखी पातळ निघते. डाळीच्या दोन पाकळ्या हलकेच उघडा. काठाला, जिथे दाणा शेंगेला चिकटलेला असतो त्या डोळ्याच्या शेजारी, एक बारीक पांढरट वाकडी काडी दिसेल. तिचे एक टोक म्हणजे मूळ, आणि दुसऱ्या टोकाला दोन इवलीशी पाने घडी घालून ठेवलेली. भिंग असेल तर त्यांच्या शिराही दिसतात. पुढचे सगळे झाड तेवढ्या काडीतून यायचे असते. आणि ती काडी अगदी सालीखाली, बाहेरच्या बाजूला आहे. पोते आपटले की पहिला मार तिलाच बसतो.

सोयाबीनचे फूल उमलण्याआधीच आतल्या आत परागण उरकते. परागनळीतून दोन केंद्रके येतात. एक अंडपेशीला मिळते आणि गर्भ तयार होतो. दुसऱ्यापासून गर्भाला पोसणारा भ्रूणपोष बनतो. ज्वारी, मका, गहू यांच्यात हा भ्रूणपोष शेवटपर्यंत टिकतो, पीठ म्हणून आपण खातो ते तेच. सोयाबीनचा गर्भ मात्र वाढता वाढता तो फस्त करतो आणि सगळी शिदोरी आपल्या दोन डाळींत भरून घेतो. त्या शिदोरीत सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. बाजारात भाव मिळतो तो याचाच, पण बियाणे म्हणून हेच अडचणीचे. तेलाचे बी लवकर खवट होते आणि प्रथिने हवेतला दमटपणा ओढून घेतात. साठवणुकीचा एक जुना ठोकताळा आहे: बियाण्यातला ओलावा एक टक्क्याने कमी केला की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. तापमान पाच अंशांनी उतरले तरी तेच. म्हणून १२ टक्क्यांच्या वर ओलावा असलेले सोयाबीन बियाणे म्हणून ठेवूच नये.

शेंग पिवळी पडली की दाणा पूर्ण भरलेला असतो. त्यानंतर झाड त्याला काही देत नाही. म्हणजे त्या दिवसापासून कापणीपर्यंत बियाणे एका अर्थी उघड्यावर साठवलेले असते. त्या दिवसांत पाऊस-ऊन, पाऊस-ऊन असे झाले की दाणा फुगतो, आकसतो, साल सुरकुतते, बुरशी आत शिरते. मळणीही तितकीच नडते. दाण्यात १३ ते १५ टक्के ओलावा असताना, ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० च्या आसपास ठेवून मळले तर साल शाबूत राहते. घाईत असलेला मळणीवाला फेरे वाढवतो, तासात चार पोती जास्त पडतात, आणि डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा घेऊन बियाणे घरी येते. येत्या ऑक्टोबरात बियाण्याचा प्लॉट वेगळा मळून घ्या, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. तेव्हा कुणाला ऐकायला सवड नसते.

या वर्षीच्या पोत्यांचे आता काय करायचे? ती लाकडी फळीवर, भिंतीपासून दूर, खताच्या पोत्यांपासून तर फारच दूर ठेवा. थप्पी सात फुटांच्या वर नको. खालच्या पोत्यातले दाणे वजनानेच डाळ होतात. उन्हात वाळवायचा मोह टाळा, मेच्या उन्हात तापलेल्या सिमेंटवर सोयाबीन पसरणे म्हणजे ते भाजणेच. आणि पोत्यावर बसू नका. गंमत वाटेल, पण घरात सोयाबीनच्या थप्पीचा बाक होतोच.

आता चाचणी. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ बी काढा आणि एकत्र मिसळा. चाळणी मारून फुटके, डाळ झालेले, काडीकचरा बाजूला करा. उरलेल्यातून सरसकट शंभर दाणे मोजा. इथे चांगले-चांगले वेचून घेतले तर फसवणूक आपलीच. बारदानाचा तुकडा स्वच्छ धुऊन भिजवा, पिळून घ्या. त्यावर दहा-दहाच्या ओळीत, दोन दाण्यांत दीड-दोन सेंटिमीटर अंतर ठेवून दाणे मांडा. वरून दुसरा ओला तुकडा घाला, गुंडाळी करा, सैलसर बांधा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा, पण निथळेल इतके नको. अशा तीन गुंडाळ्या करा. बारदान नसेल तर वर्तमानपत्राची चार पदरी घडी भिजवून तिच्यात दहा-दहा दाण्यांच्या सुरळ्या करून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्या तरी चालते. सात-आठ दिवसांनी उघडा.

मोजताना बहुतेकांची गल्लत होते. मोड आला की उगवला, असे धरतात. तसे नाही. लांब सरळ मूळ, वर जाडसर मान आणि दोन्ही डाळी धड, एवढे असेल तरच ते रोप धरा. मुळाचे टोक खुंटलेले, मान सुजून जाड झालेली, डाळ देठापाशी तडकलेली, मूळ आहे पण शेंडा नाही, अशी रोपे बारदानात जगतात, शेतात जमीन फोडून वर येत नाहीत. ती नापासांतच टाका. तिन्ही गुंडाळ्यांची सरासरी काढा. ती ७० किंवा त्याहून जास्त असेल तर बियाणे पेरणीयोग्य. प्रमाणित बियाण्यालाही किमान मर्यादा तीच आहे.

एकरी बियाण्याचा हिशोबही यातूनच निघतो. ४५ बाय ५ सेंटिमीटर अंतराने एकरात साधारण पावणेदोन लाख झाडे बसतात. शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅम धरले तर ३० किलोत अडीच लाख दाणे होतात आणि ७० टक्क्यांनी पावणेदोन लाख उगवतात. उगवण ८० टक्के निघाली तर २६ किलो पुरे. ६५ निघाली तर सव्वाबत्तीस, ६० निघाली तर ३५ किलो लागेल. ६० च्या खाली गेले तर सरळ तेलाच्या गिरणीला द्या. जास्त बी टाकून ती भर निघत नाही, कारण उरलेल्या दाण्यांचाही जोम गेलेला असतो. टपोऱ्या दाण्याचे वाण असेल तर किलोत दाणे कमी बसतात आणि ते फुटतातही लवकर, म्हणून वजनाचा हिशोब आपल्या बियाण्यावर करून घ्यावा.

विकतचे बियाणे घेतले तरी हीच चाचणी करा. पिशवी खालून फोडा म्हणजे वरचा टॅग आणि शिलाई तशीच राहते. पावती आणि मूठभर बी जपून ठेवा. उगवलेच नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करताना याच गोष्टी विचारल्या जातात.

बीजप्रक्रियेत क्रम चुकवू नका: आधी रासायनिक, शेवटी जैविक. कार्बोक्झिन ३७.५ टक्के आणि थायरम ३७.५ टक्के हे संयुक्त बुरशीनाशक किलोला ३ ग्रॅम चोळा. त्यानंतर, पेरणीच्या दोन-तीन तास आधी, १० किलो बियाण्याला रायझोबियमचे २५० ग्रॅमचे एक पाकीट आणि तितकेच स्फुरद विरघळवणारे जिवाणू लावा. रायझोबियम सोयाबीनचेच मागा. हरभऱ्याचे इथे गाठी करत नाही. पाणी अगदी बेताचे घ्या, हात हलका ठेवा आणि सावलीत सुकवा. जास्त पाण्यात खसाखसा चोळले की साल सुटते, म्हणजे जे वाचवायचे तेच गेले.

हरभऱ्यासारखे रात्रभर भिजवून सोयाबीन पेरावे का, असे काही जण विचारतात. पेरू नये. रुजायला सोयाबीनला आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी लागते, मक्याला ३० टक्केच पुरते. पण कोरड्या दाण्याच्या पेशींची पटले विस्कळीत असतात आणि पाणी हळू आले तरच ती पुन्हा जुळतात. एकदम पाण्यात पडला की पटले फाटतात, आतली साखर आणि क्षार बाहेर पाझरतात आणि त्या रसावर बुरशी तुटून पडते. साल चिरलेली असेल तर हे आणखी वेगाने होते. चिबड रानात पेरलेले बी कुजते ते यामुळेच. उलट अपुऱ्या ओलीत अर्धवट फुगलेला दाणा पुढे पाऊस नसला की मरतो. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्याशिवाय पाभर किंवा यंत्र रानात घालू नये. मृगाची पहिली सर म्हणजे पेरणीचा पाऊस नव्हे.

खोली ३ ते ४ सेंटिमीटर. तूर आणि हरभऱ्याच्या डाळी जमिनीतच राहतात, फक्त शेंडा वर येतो. सोयाबीनला मात्र दोन्ही डाळी खांद्यावर घेऊन वर यावे लागते. मान आधी कमानीसारखी वाकते, कमान माती फोडते आणि मग डाळी ओढून सरळ होते. खोल पेरले, किंवा पेरणीनंतर जोराची सर येऊन वर पपडी धरली, तर मान मोडते. पपडी दिसली तर पाचव्या दिवसाच्या आत हलका हात फिरवा किंवा तुषार असेल तर थोडा वेळ चालवा. ज्यांच्याकडे रुंद वरंबा सरीचे यंत्र मिळते त्यांनी भारी जमिनीत त्यावरच पेरावे. पाणी सरीतून निघून जाते आणि वरंब्यावरचे बी श्वास घेते.

उगवण चौथ्या-पाचव्या दिवशी दिसू लागते. त्यानंतर आठवडाभर रोप त्या दोन डाळींवरच जगते, त्यामुळे पाखरे, खारी आणि पाने खाणाऱ्या अळ्यांवर लक्ष हवे. आठव्या-दहाव्या दिवशी रानातून तिरके चालत जा आणि चार-पाच ठिकाणी एक-एक मीटर ओळीतली रोपे मोजा. मीटरला पंधरा-वीस रोपे असतील तर काही करायला नको. अधूनमधून फूटभर खाडे असतील तर त्याच वाणाचे बी टोकून नांगी लगेच भरून घ्या. दोन आठवडे उलटल्यावर टोकलेले रोप शेजारच्या सावलीत दबून जाते, तेव्हा ते बी वाया घालवू नये. मीटरला आठच्या खाली रोपे आणि तीही विरळ-दाट असतील तर मोडून दुबार पेरणीचा विचार करावा. मात्र जुलैचा मध्य ओलांडला असेल तर सोयाबीनचा नाद सोडून त्या रानात दुसरे पीक घ्यावे.