बाटलीची साक्ष
अमेरिकेतील जुन्या शौचकूपांत एकोणिसाव्या शतकातील औषधांच्या काचेच्या बाटल्या विपुल सापडतात. बाटलीचे वय ठरविताना प्रथम साच्याच्या सांध्याची रेघ पाहावी. ती ओठाखालीच विरत असेल, तर बाटली बहुधा तोंडाने फुंकून घडविलेली. ओठावरून पार जात असेल, तर यंत्रावर, बहुधा १९०३ नंतर, तयार झालेली. परंतु मद्यार्कयुक्त ‘बिटर्स’ औषध म्हणून कोणत्या घरात किती रिचविले गेले, हे एकटी बाटली सांगत नाही. ते तिच्या भोवतालचा मातीचा थर व त्यातील इतर वस्तू सांगतात. संग्राहकाने नोंद न करता ती उपसली, की काच हाती उरते, साक्ष मात्र नष्ट होते. म्हणूनच तेथील केंद्रशासनाच्या भूमीत शंभर वर्षांचे पुरातत्त्वीय अवशेष विनापरवाना खणणे १९७९ च्या कायद्याने निषिद्ध ठरविले आहे.