एका अक्षराचें गाऱ्हाणें

‘आचार्यांना निरोप पाठवा’ आणि ‘आचाऱ्यांना निरोप पाठवा’ हीं दोन वाक्यें घ्यावीं. पहिल्या वाक्याप्रमाणें निरोप गुरुजनांकडे जावयाचा, दुसऱ्याप्रमाणें तो स्वयंपाकघरांत. दोहोंत भेद काय तो एका ‘र’च्या वळणाचा. पहिल्यांत तो पुढील अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. दुसऱ्यांत तो पुढील अक्षरास आडवा, पापणीच्या केसासारखा चिकटतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा, हा भेदही याच जातीचा. हिंदी भाषेस या आडव्या ‘र’ची गरज पडत नाहीं. मराठीचें मात्र त्यावांचून चालत नाहीं. वऱ्हाड, बिऱ्हाड, कऱ्हाड, तऱ्हा, ऱ्हास, इतकेंच काय, पण ‘गाऱ्हाणें’ हा शब्दसुद्धां त्याच्यावांचून लिहितां येत नाहीं. संगणकाच्या पडद्यावर असें एखादें अक्षर नीट उमटावें, यासाठीं कोणाकडे गाऱ्हाणें न्यावें आणि तें कसें मांडावें, हा या लेखाचा विषय आहे.

संगणक चालू होतांच जी मूळची व्यवस्था जागी होते आणि कळफलक, पडदा, छपाईचें यंत्र या सर्वांस कामाला लावते, तिला ‘ऑपरेटिंग सिस्टीम’ म्हणतात. पुष्कळ घरांत व कचेऱ्यांत ती ‘विंडोज’ या नांवाची असते. ती एका कंपनीची मालमत्ता आहे. तिच्यांत अमुक सुधारणा व्हावी कीं नाहीं हें कंपनी ठरविते; गिऱ्हाइकानें फार तर विनंती करावी. लिनक्सची गोष्ट निराळी. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं असा संकल्प जाहीर केला कीं, जी कोणासही वाचतां येईल, बदलतां येईल व दुसऱ्यास देतां येईल अशी एक संपूर्ण व्यवस्था उभी करावयाची. तिचें नांव त्यांनीं ‘ग्नू’ ठेविलें. पुढें १९९१ च्या ऑगस्टांत फिनलंडमधील हेलसिंकी विश्वविद्यालयाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यानें आपण लिहीत असलेल्या गाभ्याची वार्ता इतरांस कळविली, आणि १९९२ सालीं तो गाभा स्टॉलमन यांच्याच परवान्याखालीं सर्वांस खुला केला. ग्नूचीं साधनें आणि टॉरवाल्ड्सचा गाभा एकत्र येऊन जें झालें, तेंच आज लोह्यासारख्या तालुक्याच्या गांवींही कोणास एक पैसा न देतां आपल्या यंत्रावर बसवितां येतें.

परंतु जी वस्तु सर्वांची, तिच्यांत सुधारणा म्हणजे काय, हें ठरवावयाचें कोणीं? येथेंच वादास आरंभ होतो. जनावरांच्या बाजारांत रुमालाखालीं बोटें धरून सौदा करण्याची जुनी चाल माळेगांवच्या यात्रेस जाणाऱ्या आपल्या वाचकांस ठाऊक असेल. बाहेरच्या माणसास आंतला आकडा कळूं नये हाच तिचा हेतु. लिनक्सच्या कामांतील रीत याच्या अगदीं उलट आहे. कोणीं काय सुचविलें, कोणीं कां नाकारलें, हें सारें उघड्यावर लिहिलेलें राहतें. १९९२ च्या जानेवारींत ॲम्स्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनीं लिनक्सची रचनाच कालबाह्य आहे असा आक्षेप घेतला, तेव्हां त्या तरुण विद्यार्थ्यानें जें सडेतोड व कांहींसें तिखट उत्तर दिलें, तेंही आज कोणास वाचतां येतें. प्राध्यापकाचा आक्षेप विद्वत्तेचा होता. परंतु विद्यार्थ्याचें यंत्र चालत होतें, आणि लोकांनीं चालणारें यंत्र उचललें.

पुढें मेज कसें मांडावें यावर वाद माजले. मेज म्हणजे पडद्यावर दिसणारी मांडणी: खिडक्या, चित्रें, याद्या. १९९६ सालीं जर्मनींतील मातियास एट्रिख यांनीं ‘केडीई’ नांवाची मांडणी आरंभिली. ती देखणी होती. पण ज्या साधनावर ती उभी होती, त्याचा परवाना त्या वेळीं पुरेसा मोकळा नव्हता. या एकाच कारणासाठीं मेक्सिकोचे मिगेल दे इकासा व फेदेरिको मेना यांनीं १९९७ सालीं ‘ग्नोम’ हें दुसरें काम उभें केलें. २००० सालीं त्या साधनाचा परवाना मोकळा झाला, भांडणाचें मूळ गेलें, तरी दोन्ही घरें आजपर्यंत वेगवेगळीं नांदत आहेत. ग्नोमनें २०११ सालीं आपली जुनी मांडणी मोडून नवी आणली, तेव्हां फार ओरड झाली. ‘पूर्वीचें बरें होतें’ एवढेंच म्हणणाऱ्यांच्या पदरांत कांहीं पडलें नाहीं. ज्यांनीं जुनी संहिता उचलून स्वतः तिची निगा राखण्यास आरंभ केला, त्यांची ‘माटे’ ही मांडणी मात्र टिकली. २०१४ च्या फेब्रुवारींत डेबियन या मंडळाच्या तांत्रिक समितींत, संगणक जागा होतांच प्रथम कोणता कार्यक्रम चालावा, या प्रश्नावर आठ सभासदांचीं मतें समसमान पडलीं, आणि निकाल अध्यक्षांच्या निर्णायक मतानें लागला. असंतुष्टांनीं त्याच वर्षीं ‘देवुआन’ नांवाचें निराळें बिऱ्हाड केलें.

भाऊ वेगळे झाले म्हणजे शेताची वाटणी होते. येथें मात्र वेगळ्या होणाऱ्या दोघांनाही सबंध शेत मिळतें. वाटणी होते ती राबणाऱ्या हातांची. हात मुळांतच थोडे असतील तर ही वाटणी फार जड जाते, आणि मराठीसाठीं राबणारे हात थोडे आहेत. म्हणून वेगळें होण्यापेक्षां आंत राहून भांडणें हेंच आपल्या भाषेच्या सोयीचें, असें आमचें मत आहे.

आतां मूळच्या अक्षराकडे वळूं. यंत्रास अक्षर दिसत नाहीं. त्यास क्रमांक कळतात. जगांतील सर्व लिपींच्या अक्षरांस क्रमांक देणारी ‘युनिकोड’ नांवाची पद्धति १९९१ पासून चालू आहे, आणि तिच्यांतील देवनागरीची मांडणी भारत सरकारच्या ‘इस्की’ या कोष्टकावरून घेतली आहे. तिच्यांत ‘र’ व खालीं टिंब असलेला ‘ऱ’ यांस वेगवेगळे क्रमांक आहेत. टिंबाचा ‘ऱ’ द्राविडी भाषांतील एका ध्वनीसाठीं; परंतु त्याचा पाय मोडला म्हणजे जें अर्धें रूप होतें, तेंच मराठीचा आडवा ‘र’ मानावें, असें ठरलें. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तींत मात्र साधा ‘र’, पायमोड व एक अदृश्य जोडचिन्ह, अशी रीत होती. जुनें लिखाण मोडूं नये म्हणून तीही चालू ठेविली. परिणाम असा कीं, डोळ्यांस एकच दिसणारा शब्द यंत्राच्या पोटांत दोन प्रकारें राहूं शकतो. यादी करणारानें ‘वऱ्हाडे’ हें आडनांव एका रीतीनें लिहिलें आणि शोधणारानें दुसऱ्या रीतीनें, तर साधा शोध घेणारें यंत्र खुशाल सांगतें कीं असें नांव यादींत नाहीं. ज्याचें नांव हरवलें त्यास हा पंडितांचा वाद वाटत नाहीं. ‘ॲ’ची कथाही अशीच: त्यास स्वतंत्र क्रमांक २००८ सालीं मिळाला, त्यापूर्वीं लोक ‘अ’वर चंद्र काढून भागवीत, आणि तें जुनें लिखाण आजही नव्याशीं जुळत नाहीं.

क्रमांकावरून आकृति काढणें हें निराळें काम. लिनक्सवर तें पूर्वीं ग्नोममध्यें एक कार्यक्रम करी, केडीईमध्यें दुसरा, लेखनाच्या कार्यालयीन साधनांत तिसरा. त्यामुळें एका खिडकींत शुद्ध दिसणारें जोडाक्षर दुसरींत मोडलेलें दिसे. पुढें बेहदाद एस्फाहबोद या इराणी वंशाच्या तज्ज्ञानें वाढविलेला ‘हार्फबझ’ हा एकच कार्यक्रम बहुतेकांनीं स्वीकारला. त्याचें नांव फारसी आहे आणि त्यांतील ‘हर्फ’ म्हणजे अक्षर. तात्पर्य, फारसीसाठीं व इतर लिपींसाठीं केलेल्या एका दुरुस्तीचा लाभ मराठीस आयता मिळाला.

ठशांच्या बाबतींत मराठी माणसास आणखी एक आक्षेप होता. हिंदीचा ‘ल’ दंड घेऊन उभा राहतो, मराठीचा दोन पाकळ्यांचा. ‘श’चें वळणही भिन्न. महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं मराठी वळणें प्रमाण ठरविलीं, पण देवनागरी म्हणजे हिंदी असें समजून केलेल्या ठशांस तें कोणीं सांगावें? नवीन पद्धतीच्या ठशांत दोन्ही वळणें ठेवितां येतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदली असेल तर मराठी वळण आपोआप उमटतें. लिनक्सवर पुष्कळ प्रचार झालेला मोकळा ठसा ‘लोहित’ या नांवाचा आहे. ‘रेड हॅट’ कंपनीनें तो २००४ सालीं दिला. लोहित म्हणजे तांबडा. आमच्या लोह्याशीं त्याचें नातें केवळ नांवाच्या साम्याचें, तें आम्हीं अधिक ताणीत नाहीं.

सर्वांत खमंग वाद शब्दांचा. याच कंपनीच्या पुण्याच्या कचेरींतून २००८ सालीं ‘फ्युएल’ नांवाचा उपक्रम निघाला. पडद्यावर वारंवार येणारे कांहींशें शब्द निवडावे, आणि भाषेच्या जाणकारांनीं एकत्र बसून प्रत्येकास एक प्रतिशब्द ठरवावा, असा त्याचा हेतु. फाइलला फाइलच म्हणावें कीं संचिका? आज्ञा ‘जतन कर’ अशी असावी कीं ‘जतन करा’? आमच्या मतें यंत्रानेंही वडीलधाऱ्यांशीं आदरानेंच बोलावें. संचिकेविषयीं मात्र आम्ही साशंक आहों. निजामाच्या राज्यांत मराठवाड्यांतील कचेरीची भाषा उर्दू होती. १९४८ च्या सप्टेंबरांत तें राज्य गेलें, तरी अर्ज, दप्तर, तहसील हे शब्द राहिले, आणि ते परके आहेत असें कोणा शेतकऱ्यास वाटत नाहीं. परंतु अर्जाचा सगळा मजकूरच न कळणाऱ्या भाषेंत असणें ही निराळी गोष्ट आहे. ती अडचण ज्या पिढीनें सोसली, तिला शब्द आणि भाषा यांतील भेद शिकवावा लागला नसता.

गाऱ्हाणें मांडावयाचें तें कसें, याचा नमुना विद्यार्थ्यांनीं शाळेच्या संगणकावर करून पाहावा. ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकावर शिफ्टसह ‘जे’, मग ‘डी’, मग ‘यू’ या कळा दाबल्या म्हणजे ‘ऱ्ह’ उमटला पाहिजे. न उमटल्यास ‘मराठी नीट दिसत नाहीं’ एवढें लिहून उपयोग नाहीं. कोणता शब्द, कोणत्या कळा, कोणता ठसा, कोणती आवृत्ति, काय दिसलें व काय दिसावयास हवें होतें, हें पडद्याच्या चित्रासह लिहावें. वाचणारा कदाचित् ब्राझीलचा असेल आणि त्यानें जन्मांत मराठी अक्षर पाहिलेलें नसेल. त्यास ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द शेजारींशेजारीं अर्थासह दाखविले, तर तो संख्या विचारीत नाहीं. भेद खरा आहे हें त्यास पटतें.

भाषांतराचें काम मात्र एकदां करून संपत नाहीं. ग्नोमची नवी आवृत्ति दर सहा महिन्यांनीं येते आणि प्रत्येक वेळीं नवीं वाक्यें घेऊन येते. ज्या वाक्याचें मराठी कोणीं केलेलें नसतें, तें मराठी पडद्यावर मधेंच इंग्रजींत उभें राहतें.