बचत, बँक आणि व्याजाची भीती



गेल्या वर्षी असरच्या नमाजनंतर एक रिक्षाचालक गृहस्थ माझ्यापाशी थांबले. त्यांच्या पत्नीने चार वर्षे शिलाई करून मुलीच्या लग्नासाठी जमवलेली रक्कम मोहल्ल्यातील भिशीत होती आणि भिशी चालवणारा मनुष्य एका रात्रीत घर सोडून गेला होता. लिहून ठेवलेले काही नव्हते, साक्षीदारही नव्हता. "बँकेत का ठेवली नाही?" असे मी विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मौलाना, बँकेत व्याज असते, दूर राहा, असे तुम्हीच जुम्याच्या बयानात सांगितले होते."

मी निरुत्तर झालो. व्याज हराम आहे, एवढे मी सांगितले होते. गरिबाने आपला पैसा कुठे ठेवावा, हे सांगायचे राहून गेले होते.

साठवणे हे तवक्कुलच्या विरुद्ध आहे, असा समज काही घरांत आढळतो. तो निराधार आहे. बनू नजीरच्या बागांच्या उत्पन्नातून प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या कुटुंबासाठी वर्षभराचे धान्य बाजूला ठेवत असत, असे हदीसमध्ये येते. आदरणीय सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांनी आजारपणात आपली बहुतेक संपत्ती दान करण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) एक तृतीयांशावर थांबवले, वारसांना लोकांपुढे हात पसरावा लागू नये, हे त्यामागचे कारणही सांगितले. मालाचे रक्षण हा शरीअतच्या मूलभूत उद्दिष्टांपैकी एक आहे. व्याज टाळणे आणि माल सुरक्षित ठेवणे या दोन जबाबदाऱ्या आहेत. एकीच्या नावाखाली दुसरी सोडून देता येत नाही.

मग बँकेचे काय? चालू खात्यावर सहसा व्याज मिळत नाही, पण त्यात ठेवावी लागणारी शिल्लक मजुराच्या आवाक्याबाहेरची असते. म्हणून सुरक्षिततेच्या गरजेपोटी बचत खाते उघडण्यास आपल्या देशातील अनेक उलमांनी मुभा दिली आहे. त्यावर येणारे व्याज मात्र स्वतःच्या खर्चास वापरू नये, मशिदीच्या कामासही लावू नये. सवाबची अपेक्षा न ठेवता ते गरजूला देऊन टाकावे. मुदत ठेवीची गोष्ट वेगळी आहे, कारण ती व्याजासाठीच ठेवली जाते.

२८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या जनधन योजनेचे खाते शून्य शिलकीवर उघडते. टपाल कार्यालयातील बचत खात्याला पाचशे रुपये लागतात. जनधन खात्यावर 'ओव्हरड्राफ्ट'ची सोय सांगितली जाते. ते व्याजी कर्जच आहे, हे ध्यानात ठेवून नकार द्यावा. दोन वर्षे खात्यात काहीच देवघेव केली नाही, तर ते निष्क्रिय होते, म्हणून अधूनमधून थोडी तरी रक्कम भरत राहावी. 'नॉमिनी'ची नोंद पहिल्याच दिवशी करावी. आणखी एक गोष्ट. बँक बुडाली, तर प्रत्येक ठेवीदाराच्या पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्थेला ते संरक्षण नाही. दोन्हींच्या पाट्यांवर 'सहकारी' हा शब्द असतो आणि आपली माणसे तेथेच फसतात.

पत्नीचे खाते पत्नीच्याच नावाने असावे. तिची मेहर, तिची शिलाईची कमाई ही शरीअतने तिचीच मानली आहे. "एकच खाते पुरे" म्हणणाऱ्या पतींनी यावर विचार करावा.

भिशीला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. सर्वांनी सारखी रक्कम भरावी आणि पाळीपाळीने प्रत्येकाला तेवढीच मिळावी, तर बहुसंख्य उलमांच्या मते ती जायज आहे. लिलावाची भिशी, ज्यात गरजवंत कमी रकमेवर बोली सोडतो, ती व्याजाच्याच वाटेने जाते. परंतु कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत कर्ज लिहून ठेवण्याविषयी आहे, आणि आपल्या भिश्या तोंडी चालतात!

व्याजाच्या धास्तीने गरीब बँकेपासून दूर राहतो, हा अनुभव केवळ आपला नाही. इजिप्तमध्ये नाईलच्या मुखाजवळील सखल प्रदेशात मीत गम्र नावाचे गाव आहे. पश्चिम जर्मनीत शिकून आलेले अहमद अल-नज्जार यांनी तेथील छोट्या बचत बँका पाहिल्या होत्या. १९६३ मध्ये त्यांनी त्याच धर्तीवर, पण व्याज वगळून, मीत गम्रला बचत बँक काढली. लहान शेतकरी आणि कारागीर अगदी किरकोळ रकमा ठेवत. ठेवीवर व्याज नसे, आणि ठेवीदाराला अडचणीत छोटे कर्ज मिळे, तेही बिनव्याजी. त्या काळचे राजकीय वातावरण पाहून अल-नज्जार यांनी बँकेच्या नावात 'इस्लामी' हा शब्द घातला नाही. १९६७ पर्यंत तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले. आपल्या देशाच्या बँक व्यवस्थेत तशा बिनव्याजी बँकेला अद्याप स्थान नाही, म्हणून तूर्त आहे त्या खात्यातूनच मार्ग काढावा लागतो.

त्या रिक्षाचालकांच्या पत्नीने आता स्वतःच्या नावाने खाते उघडले आहे. दर शुक्रवारी शिलाईचे शंभर-दोनशे रुपये जमा होतात. मागच्या महिन्यात ते पासबुक घेऊन आले होते. त्यात सात रुपये व्याज जमा झाले होते आणि त्या आकड्याभोवती तिने पेन्सिलीने गोल काढला होता. ते कोणाला द्यायचे, एवढेच विचारण्यासाठी ते आले होते.