कधी चालू, कधी बंद : गटाच्या जुन्या जीपचं वायरिंग कसं तपासायचं



गाडी अजिबातच चालू होत नसेल तर ते सोपं दुखणं. मिस्त्री येतो, बघतो, दोष सापडतो. खरा ताप देते ती सकाळी नीट चालू झालेली, दुपारी बाजारात सेल्फ न मारणारी, आणि मिस्त्रीच्या दारात नेली की एका किल्लीत सुरू होणारी गाडी.

समजा, भूम भागातल्या एका गटाकडे जुनी फोर बाय फोर जीप आहे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंदीतून दुसरी गाडी निघत नाही म्हणून मुद्दाम तसली घेतलेली. पहाटे भट्टीवरचा खवा भरायचा आणि ऊन चढायच्या आत पोचवायचा. गाडी वाटेत दोन तास बसली तर खवा आंबतो, आणि घेणारा पुढच्या खेपेला दुसरा माणूस बघतो. मिस्त्री म्हणतो, बॅटरी बदला. बदलली. आठ दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. मग सेल्फ, मग डायनामो. तीन पार्ट नवे झाले, दुखणं जुनंच. खर्चावर अध्यक्ष-सचिवांच्या सह्या असतात. बैठकीत विचारणा होते आणि बोलणं गाडीवरून माणसांवर जातं.

बॅटरी बदलल्यावर आठ दिवस बरं का चाललं? कारण बॅटरी बदलताना टर्मिनल सोडली, पुसली आणि पुन्हा आवळली. दोष तिथेच होता. बॅटरी कदाचित चांगलीच होती. म्हणून या पाठात एकच गोष्ट शिकायची आहे : येणारा-जाणारा दोष अंदाजाने पार्ट बदलून जात नाही, तो चालू असताना मोजून पकडावा लागतो. मोजायला इंजिनिअर लागत नाही. साधा मल्टीमीटर, १२ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब, दोन तारा आणि एक वही एवढंच सामान लागतं.

आधी वही

नोंदवही ठेवायची सवय आपल्याला आहेच. गाडीचीही एक ठेवा आणि ती गाडीतच ठेवा. दोष आला की तारीख, वेळ, इंजिन गार होतं की तापलेलं, पाऊस होता का, गाडी धुतली होती का, रस्ता कसा होता, एवढं लिहा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सोबत काय काय गेलं ते लिहा. हॉर्नही गेला होता का? मीटरचे काटे पडले का? लाइट मंद झाले का?

दोन गोष्टी एकदम गेल्या की त्यांचा सामायिक रस्ता शोधायचा. त्यांचा फ्यूज एक असेल, तार एक असेल, नाहीतर अर्थिंग एक असेल. एकटा हॉर्न गेला तर हॉर्नपाशीच बघा. हॉर्न, वायपर आणि काटे एकदम गेले तर हॉर्न खोलून उपयोग नाही. मिस्त्रीला “गाडी कधीकधी बंद पडते” सांगितलं तर तो अंदाजच करणार. “तापल्यावरच होतं, नुसता टक आवाज येतो, लाइट तेव्हा चांगले असतात,” एवढं सांगितलंत तर त्याचं अर्धं काम झालं.

परतीचा रस्ता

महिंद्राने १९४७ साली अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून आपल्याकडच्या जीपांची ही पद्धत आहे, आणि दुसऱ्या गाड्यांचीही तीच : दिव्याकडे तार एकच जाते. घरातल्यासारखी परतीची लांब तार नसते. बॅटरीचं निगेटिव्ह गाडीच्या लोखंडाला जोडलेलं असतं आणि करंट दिव्यातून पत्र्यात, पत्र्यातून चासीत, चासीतून बॅटरीत परत येतो. नवीन गाडीत हे बरं चालतं. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत बोल्टखाली गंज, वर रंग, त्यावर चिखल. मग हा रस्ता कधी जोडलेला, कधी तुटलेला.

इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसलेलं असतं. रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिनपासून चासीला विणलेल्या तारेची एक पट्टी असते, तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. इंजिन खाली उतरवून काम झालं की ही पट्टी परत लावायची राहून जाते किंवा तिचे धागे तुटत जातात. मग सेल्फचा भला मोठा करंट ॲक्सिलेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर ती केबल गरम लागली तर समजा, पट्टी गेली.

ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, हेही अर्थिंगचंच लक्षण. करंटला त्या दिव्यापाशी पत्र्याकडून परत जाता येत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बमधून जातो. बल्ब बदलू नका. दिवा जिथे पत्र्याला बोल्टने बसतो ती जागा पॉलिश कागदाने घासून चकचकीत करा.

मीटर कसा लावायचा

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसलं तर डायनामो चार्ज करतोय. सेल्फ मारताना आकडा पडतोच, पण ९.६ च्या खाली जाऊ नये. सगळं जोडलेलं नीट असून गेला तर बॅटरीवर संशय घ्या.

हे सगळे बघतात. पुढचं बहुतेक जण बघत नाहीत, आणि दोष तिथे असतो. ठिबकचं उदाहरण घ्या. फिल्टर अर्धा तुंबलेला असला तरी पुढचा व्हॉल्व्ह बंद असताना गेज पूर्ण प्रेशर दाखवतं. व्हॉल्व्ह उघडून पाणी वाहायला लागलं की प्रेशर पडतं. वायरचंही तसंच. गंजलेल्या जोडातूनही मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण करंट वाहतच नसतो. म्हणून मोजायचं ते सेल्फ मारत असताना.

मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खुंटीवर, क्लॅम्पवर नाही, आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा. एकीने किल्ली मारायची, दुसरीने वाचायचं. गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला हवा. आकडा शून्याच्या जवळ, फार तर ०.२ ते ०.३ यावा. एक-दीड व्होल्ट आला तर तेवढी ताकद वाटेतच जळतेय. मग इंजिनवरची सुई सरकवत मागे या : चासी, चासीवरचा बोल्ट, केबलची थिंबल, शेवटी क्लॅम्प. आकडा जिथे एकदम खाली येतो, त्याच्या आधीचा जोड खराब. पॉझिटिव्ह बाजूलाही तसंच, बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टापर्यंत. तिथे अर्धा व्होल्ट ही वरची हद्द धरा.

गाडी तापल्यावर नुसतं “टक” होत असेल तर सेल्फवरच्या बारीक तारेपाशी मीटर लावा आणि किल्ली मारा. बॅटरीवर १२ आणि इथे ८ किंवा ९ दिसत असतील तर सेल्फ निर्दोष आहे. किल्लीचा स्विच किंवा तिकडून येणारी तार थकली आहे. इथे पूर्ण व्होल्ट येतात, जाड तार चांगली, अर्थिंग चांगली, आणि तरीही फिरत नाही, तेव्हाच सेल्फ खोलायला हो म्हणा.

फोर बाय फोरची खास जागा

जुन्या फोर बाय फोर गाडीत गिअरबॉक्सवर रिव्हर्स लाइटचा स्विच असतो. काही गाड्यांत ट्रान्सफर केसवर फोर बाय फोरच्या दिव्याचाही असतो. त्यांच्या तारा गाडीच्या पोटाखालून जातात, शेजारी दांडा फिरत असतो. क्लिप तुटली की तार लोंबते, घासते, उघडी पडते. मग रिव्हर्स टाकला किंवा लिव्हर ओढली तरच फ्यूज उडतो, एरवी महिनाभर काही नाही. लोक म्हणतात फ्यूजच हलका आहे. मग कुणीतरी चांदी किंवा जाड तार गुंडाळून देतो. हे कधीच करू देऊ नका. फ्यूज उडायचा थांबला की वायर जळते, आणि मागे माणसं बसलेली असतात.

फ्यूजऐवजी बल्ब लावायची युक्ती इथे कामाला येते. उडालेल्या फ्यूजच्या जागी दोन तारांनी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडा आणि त्या फ्यूजवरचे दिवे-हॉर्न सगळे बंद ठेवा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि काही जळत नाही. इंजिन बंद, किल्ली ऑन ठेवून रिव्हर्स टाका, लिव्हर ओढून बघा. मग चाकांना दगड लावून एकीने वायरिंग वीतभर वीतभर हलवत जायचं. ज्या जागी हलवल्यावर बल्ब पेटतो किंवा विझतो, तिथली टेप सोडा.

पावसात किंवा गाडी धुतल्यावरच दोष येत असेल तर उलट करा : कोरड्या दिवशी इंजिन चालू ठेवून रिलेच्या सॉकेटवर फवारणीच्या छोट्या बाटलीने थोडं पाणी मारा. दोष बोलावून आणला की पकडता येतो. डिझेल गाडी खड्ड्यात अचानक बंद पडून लगेच पुन्हा चालू होत असेल आणि तिच्या डिझेल पंपावर सोलेनॉइड असेल, तर त्याची एकुलती तार आधी हलवून बघा. ती सुटली की डिझेलच बंद होतं.

कॉमन रेल इंजिनच्या गाड्यांना स्कॅनर लागतो, त्यांना हा पाठ अर्धाच लागू पडेल.

हात घालण्याआधी

अंगठी, पाटल्या, धातूच्या बांगड्या काढून ठेवा, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत घ्या. पॉझिटिव्ह आणि पत्रा यांच्यामध्ये पाटली आली तर ती क्षणात लाल होते आणि हातातून निघत नाही. पदर खोचा, वेणी आत घ्या, चालू इंजिनच्या पंख्यापासून लांब उभ्या राहा. बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह सोडायचं, लावताना निगेटिव्ह शेवटी. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो, म्हणून तिथे विडी-काडी नको. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडी करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा.

एवढं करूनही पार्ट बदलायची वेळ आलीच, तर बैठकीत ठराव घेताना वहीतले आकडे ठरावात लिहा : कोणत्या जागी किती व्होल्ट आले, कोणी वाचले. आणि जुना पार्ट मिस्त्रीकडून मागून घ्या.